कानाने बसवलेले टायमिंग

गेल्या मे महिन्यात तुळजापूरचा घाट चढताना आमच्या पद्मिनी मोटारीच्या इंजिनातून जो आवाज येऊ लागला, त्याला गॅरेजच्या भाषेत नॉकिंग म्हणतात. मागच्या सीटवर बसलेल्या आमच्या आईने मात्र ‘पत्र्याच्या डब्यात कुणीतरी चिंचोके हलवतंय’ असे त्याचे वर्णन केले, आणि ते अधिक अचूक होते. पाय थोडा वर घेतला की आवाज थांबे आणि पुन्हा दाबला की सुरू होई. वर पोहोचल्यावर दर्शन आटोपून परतलो, तेव्हा तापलेले इंजिन सेल्फ मारताच एकदम अडले, जणू कुणी फिरत्या चाकात काठी घालावी, आणि चौथ्या प्रयत्नाला कसेबसे सुरू झाले. घाट चढताना नॉकिंग आणि गरम इंजिन सुरू होताना सेल्फला बसणारा उलटा झटका, या दोन तक्रारी जोडीने आल्या की संशय पहिल्यांदा एकाच गोष्टीवर जातो, तो म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असावी.

संशय घेण्यास कारणही होते. त्याच्या दोन महिने आधी गाडी वेगात गेल्यावर मंदावते, पुणे रस्त्यावर एखाद्या ट्रकला मागे टाकायचे म्हटले की दमच उरत नाही, अशी तक्रार घेऊन मी एका गॅरेजमध्ये गेलो होतो. तेथील मिस्त्रींनी बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवले, डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोहोचवणाऱ्या भागाचा, बोल्ट सैल केला, मान तिरकी करून डोळे मिटले आणि डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवत राहिले. इंजिनाचा सूर चढला, स्थिर झाला, त्यांनी बोल्ट आवळला. मी काही नोंदलेला आकडा आहे का, असे विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “आकडा कशाला पाहिजे ओ साहेब? तीस वर्षं कानानंच बसवतोय की.” गाडी खरोखरच हलकी वाटू लागली होती, त्यामुळे मीही वाद घातला नाही. त्या मिस्त्रींना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्या कानाने जे ऐकले ते खरेच होते. फक्त इंजिन रिकामे धावत असताना ते ऐकले गेले होते, आणि रिकाम्या इंजिनाला टायमिंग थोडे जास्त पुढे असले, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडली, तरी आवडतेच. पुस्तकातल्या आकड्याच्या पुढे ठिणगी सरकवत गेले की बराच वेळ आयडलिंग, म्हणजे रिकाम्या धावण्याचा वेग, वाढत जाते आणि सूरही गोड होतो. चार माणसे बसवून मे महिन्याच्या दुपारी घाटात नेल्यावर त्या गोडव्याची किंमत कळते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण सोलापूरच्या माणसाला या गाडीबद्दल वाटणाऱ्या जिव्हाळ्याला एक स्थानिक कारण आहे. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी केली, आणि वालचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला होता. इटलीतील फियाट ११००चे हे भारतीय रूप कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे, त्यामुळे जुनी माणसे आजही तिला फियाटच म्हणतात. आमची गाडी १९८६ची, वडिलांनी घेतलेली. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर, आणि ठिणगीसाठी पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारी विजेची उघडमीट), कंडेन्सर व कॉइल, म्हणजे अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी जी मांडणी प्रत्यक्षात आणली, तीच मुळात. आजच्या गाड्यांत संगणक प्रत्येक ठिणगीचा क्षण ठरवतो आणि तेथे घरी फिरवण्यासारखे काहीही नसते. पुढे लिहिलेले सगळे फक्त डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांना लागू आहे.

ठिणगीचा क्षण इतका महत्त्वाचा का, हे एकदा आकड्यांत मांडून पाहिल्याखेरीज हात घालू नये, असे माझे मत आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण स्फोटासारखे एका क्षणात पेटत नाही. प्लगपाशी ज्योत निर्माण होते आणि ती पसरत जाते, त्याला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद लागतात असे धरू. पिस्टन वरच्या टोकावरून थोडा खाली येऊ लागला असताना दाब सर्वाधिक असला, तरच तो दाब क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, नीट फिरवतो. म्हणून ठिणगी पिस्टन टोकाला पोहोचण्याआधीच पडावी लागते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर क्रँक दोन मिलिसेकंदांत साडेनऊ अंशांहून थोडी अधिक फिरते. ३,००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात ती ३६ अंश फिरते. वेग वाढला की मिश्रण जोरात घुसळले जाते आणि जळणही काहीसे वेगवान होते, त्यामुळे प्रत्यक्षातील गरज याच प्रमाणात वाढत नाही, परंतु वेगाबरोबर ठिणगी पुढे सरकली पाहिजे हे उघड आहे. अगदी सुरुवातीच्या मोटारींत हे काम चालक स्टिअरिंगजवळच्या एका दांडीने स्वतः करत असे. आपल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये तेच काम पॉइंटच्या प्लेटखाली बसवलेली दोन छोटी वजने करतात: शाफ्ट वेगाने फिरला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्यांच्या भागाला, शाफ्टच्या पुढे ढकलतात, वेग कमी झाला की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. या वजनांकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे.

घरी काम करायचे ठरवले तेव्हा वेळ निवडली पहाटे साडेपाचची. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि नऊ वाजल्यानंतर बॉनेटला हात लावता येत नाही, हे एक कारण झालेच. पण दुसरे कारण अधिक तांत्रिक आहे. टायमिंग लाइटच्या, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याच्या, झगमगाटात क्रँकबरोबर फिरणाऱ्या पुलीवरची खूण पाहायची असते, आणि आमच्याकडच्या उन्हात तो उजेड पार विरघळून जातो. होटगी रस्त्यावरच्या आमच्या घरासमोरील कडुलिंबाखाली, अर्धवट अंधारात, ती खूण स्वच्छ दिसते. गाडी उघड्यावरच ठेवावी, बंद शेडमध्ये इंजिन चालवून धूर कोंडू देऊ नये.

पहिला तास मी टायमिंगला हातही लावला नाही. पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंग आपोआप बदलते, उलट मात्र होत नाही. त्यामुळे आधी पॉइंट आणि नंतर टायमिंग हा क्रम पाळला नाही, तर सगळे काम पुन्हा करावे लागते. अंतर वाढवले की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी पुढे जाते. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की अंतर कमी होते आणि ठिणगी मागे पडते. जुन्या पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ तयार झाले होते. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायची पातळ पट्टी, घातले तर ते टेंगळाच्या टोकावर टेकते आणि खरे अंतर दिसते त्याहून मोठे असते. घासून समतल करण्याचा उद्योग मी पूर्वी केला आहे, पण नवे पॉइंट स्वस्त मिळत असताना तो आता करत नाही. नवा संच बसवून, टाच कॅमच्या उंच भागावर आणून, अंतर ०.४५ मि.मी.च्या आसपास ठेवले, गेज निघताना किंचित ओढ लागेल इतकेच. कॅमवर डिस्ट्रिब्युटरच्या ग्रीसचा पुसटसा हात फिरवला. हा हात पुसटच असावा. जास्तीचे ग्रीस उडून पॉइंटवर बसले की इंजिन मिस करू लागते आणि माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो.

पुलीवरची खूण मी त्याआधीच शोधून ठेवली होती. चाळीस वर्षांच्या तेलाचा आणि धुळीचा थर रॉकेल व तारेच्या ब्रशने काढल्यावर ती दिसली, आणि तिच्यात पांढरा खडू भरला. मात्र दिसलेली खूण खरी असेलच असे मानू नये, कारण जुन्या गाड्यांत पुली कधी कुठल्या इंजिनावरून आली हे सांगता येत नाही. खात्री करण्याची जुनी युक्ती अशी की एका निकामी प्लगच्या आतले पोर्सेलिन काढून टाकायचे, त्यात बोथट टोकाचा बोल्ट पक्का करायचा आणि तो १ नंबरच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या जागी बसवायचा. बाकीचे तीन प्लग काढून, बॅटरीची वायर सोडून, इंजिन हाताने सावकाश फिरवले की पिस्टन त्या बोल्टला टेकून थांबतो. तेथे पुलीवर खूण करायची, मग उलट्या दिशेने फिरवून तो पुन्हा टेकेल तेथे दुसरी खूण करायची. या दोन्हींचा मध्य म्हणजे पिस्टनचे वरचे टोक. नुसती काडी घालून पिस्टनचा अंदाज घेण्यापेक्षा ही रीत कितीतरी भरवशाची आहे, कारण टोकाजवळ काही अंश फिरूनही पिस्टन जवळजवळ हलत नाही आणि डोळा फसतो. सेल्फ मारून हे कधीही करू नये, पिस्टनला भोक पडेल. माझी खूण सुदैवाने बरोबर निघाली.

अंश मोजायला कागदाची पट्टी पुरते. पुलीभोवती पट्टी गुंडाळून घेर मोजावा आणि त्याला ३६०ने भागावे. समजा घेर ४५० मि.मी. भरला, तर एक अंश म्हणजे सव्वा मिलिमीटर. वरच्या टोकाच्या खुणेपासून दर पाच अंशांना एक रेघ अशी पट्टी आखून चिकटवली की झाले. रेघा कोणत्या बाजूला आखायच्या याचा घोटाळा पुष्कळांचा होतो, माझाही झाला होता: इंजिन आपल्या दिशेने फिरत असताना टोकाची खूण कव्हरवरच्या दर्शकापाशी येण्यापूर्वी पुलीचा जो भाग तेथून जातो, त्या बाजूला. किती अंशांवर बसवायचे तो आकडा आपल्या गाडीच्या, आपल्या सालाच्या पुस्तकातूनच घ्यावा. शेजाऱ्याच्या पद्मिनीचा आकडा शेजाऱ्याचा असतो.

इंजिन बंद ठेवून टायमिंग बसवण्याला १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब आणि दोन वायरी एवढेच साहित्य लागते. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलली की इंजिन फिरते; प्लग काढलेले असतील तर दहावीतल्या पुतण्यालाही हे जमते, आणि त्याला उठवून आणल्याबद्दल नंतर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही द्यावे लागते. १ नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा, हवा अंगठ्याला रेटू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक समजायचा, आणि पुस्तकातल्या अंशाची रेघ दर्शकाखाली येताच थांबायचे. रेघ ओलांडली गेली तर तेवढेच मागे घेऊन चालत नाही, कारण टायमिंग चेन आणि गिअर यांतील ढिलाई उलट बाजूला जाते; बरेच मागे जाऊन पुन्हा पुढून यावे. या वेळी रोटरचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून वायरींना ठिणगी देणाऱ्या तुकड्याचे, तोंड १ नंबरच्या वायरीकडे असले पाहिजे, आणि तेथून रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वायरी १-३-४-२ या क्रमाने लागल्या पाहिजेत.

आता बल्बची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे येणाऱ्या बारीक वायरीच्या जोडावर, दुसरी इंजिनच्या धातूवर. किल्ली फिरवली की पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडताच पेटतो, आणि ठिणगी पडते ती नेमकी उघडण्याच्या क्षणी. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट जेमतेम सैल करून तो रोटरच्या दिशेने थोडा फिरवला, बल्ब विझला. मग रोटरच्या उलट दिशेने केसभर केसभर आणला आणि बल्ब लुकलुकताच बोल्ट आवळला. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो एक अंश हलवला की टायमिंग दोन अंश बदलते. हात फार हलका हवा. शिवाय पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवून चहाला जाऊ नये, कॉइल तापून निकामी होते.

ही दुरुस्ती करण्यापूर्वी मी एक गोष्ट मुद्दाम केली होती, ती सांगायची राहिली. नवे पॉइंट घालण्याआधी, गाडी गॅरेजमधून आली होती त्याच स्थितीत टायमिंग लाइट लावून पाहिले होते. या दिव्याचा चिमटा १ नंबरच्या प्लगच्या वायरीवर बसतो आणि त्या प्लगला ठिणगी मिळेल त्याच क्षणी दिवा चमकतो, त्यामुळे गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. फिरणारा पंखासुद्धा स्थिर किंवा अगदी सावकाश फिरत असल्यासारखा भासतो, आणि म्हणूनच हा दिवा हातात असताना खांद्यावर पंचा, मनगटात सैल बाही किंवा गळ्यात लोंबणारे काहीही नसावे. आयडलिंगला खूण पुस्तकातल्या आकड्याच्या तब्बल १२ अंश पुढे होती. हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते पुढचे: मी ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवला, तरी खूण जागची हलली नाही.

वास्तविक वेग वाढला की वजने उघडून खूण सरसर पुढे जायला हवी आणि वेग उतरला की तितक्याच सहज परत यायला हवी. ती हलत नाही याचा अर्थ वजने अडकलेली होती. डिस्ट्रिब्युटरची कॅप व रोटर काढून कॅम बोटांनी फिरवून पाहिला. तो थोडा वळून स्प्रिंगने परत यायला हवा होता, पण जराही हलला नाही. पॉइंटची प्लेट उचलल्यावर खाली वाळून डिंकासारखे झालेले तेल आणि गंजाची तांबूस पूड दिसली.

मार्च महिन्यातल्या माझ्या मूळ तक्रारीचा उलगडा तेथे झाला. वेगात गाडी मंदावत होती, कारण वजने अडकल्यामुळे वेग वाढूनही ठिणगी पुढे जातच नव्हती. मिस्त्रींनी संपूर्ण डिस्ट्रिब्युटरच १२ अंश पुढे फिरवला, त्यामुळे वेगात हवी असलेली ठिणगीची आघाडी थोडीफार मिळाली आणि गाडी हलकी झाली; पण तीच आघाडी कमी वेगात, चढावर, पूर्ण भाराखालीही कायम राहिली, जेथे ती नको होती. घाटातले चिंचोके आणि सेल्फला बसणारा झटका हे त्याचेच फळ. त्यांनी टायमिंग चुकीचे बसवले असे म्हणण्यापेक्षा, टायमिंगच्या बोल्टने दुसऱ्याच दुखण्यावर पांघरूण घातले, असे म्हणणे योग्य होईल. आणि मी जर दिवा न लावता थेट पुस्तकाच्या आकड्यावर गाडी आणून ठेवली असती, तर घाटातला आवाज गेला असता, पुणे रस्त्यावरचा मंदपणा परत आला असता, आणि मी पुस्तकालाच नावे ठेवली असती.

वजने आणि त्यांच्या खुंट्या रॉकेलने धुतल्या, बारीक पॉलिश पेपरने गंज काढला, प्रत्येक खुंटीवर आणि कॅमच्या शाफ्टच्या डोक्यातल्या नमद्यावर तेलाचा एकेक थेंब सोडला. स्प्रिंगा दोन्ही शाबूत होत्या. त्या एकमेकींपेक्षा जाड-बारीक असतात. ते मुद्दाम असते, जोडी जुळत नाही म्हणून बदलायला जाऊ नये. मग वर सांगितल्याप्रमाणे बल्ब लावून बसवले आणि इंजिन चांगले गरम झाल्यावर पुन्हा दिवा धरला. बल्बने बसवलेल्यात आणि दिव्याने दिसलेल्यात दोन अंशांचा फरक निघाला, तो दिव्याच्या बाजूने दुरुस्त केला. हे तपासताना आयडलिंग कमीच असावे, नाहीतर वजने अर्धवट उघडलेली असतात आणि आपण चुकीचा आकडा वाचतो; ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची नळी असते तेथे ती काढून तिचे तोंड बंद करावे लागते. आता ॲक्सिलरेटर दाबला की खूण पुढे जात होती आणि सोडला की परत येत होती. ती जागच्या जागी किंचित थरथरतही होती, म्हणजे शाफ्टचा बुश झिजू लागला आहे. ते काम दिवाळीनंतर.

त्या दिवशी इंजिनाचा आयडलिंगचा सूर पूर्वीपेक्षा खाली आणि थोडा खडबडीत लागला, हे कबूल केले पाहिजे. आयडलिंगचा स्क्रू अर्धा वळसा फिरवून वेग सावरला, पण मिस्त्रींच्या कानाने साधलेला गोडवा काही परत आला नाही. दुसऱ्या रविवारी आईला घेऊन पुन्हा तुळजापूरला गेलो, चौघे जण, मुद्दाम दुपारी. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला, काचा खाली केल्या आणि कान लावला. चिंचोके वाजले नाहीत. वर पोहोचल्यावर इंजिन बंद करून लगेच सेल्फ मारला, तो निमूटपणे फिरला.

नव्या पॉइंटची टाच सुरुवातीच्या काळात जरा भराभर झिजते, त्यामुळे साधारण हजार किलोमीटरनंतर अंतर पुन्हा पाहावे लागते. जुलैत पाहिले तेव्हा गेज थोडे घट्ट निघत होते आणि खूण दीड अंश मागे आली होती. अंतर पूर्ववत करताच खूणही जागेवर आली, डिस्ट्रिब्युटरला हात लावावा लागला नाही. त्याच्या तळाशी आणि ब्लॉकवर सलग जाणारी एक पांढरी रेघ मी रंगाने मारून ठेवली आहे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तो फिरवला तर निदान मला कळेल.